अबोल व्यवसाय आणि त्याचे दूरस्थ प्रवक्ते

वास्तुविशारदाने आपल्या कचेरीबाहेर अथवा आपण रचलेल्या इमारतीवर स्वतःचे नाव लावावयास हरकत नाही. मात्र त्या नावाच्या अक्षरांची उंची १० सेंटिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये, असा दंडक भारताच्या वास्तुकला परिषदेने १९८९ साली केलेल्या व्यावसायिक वर्तनविषयक विनियमांत घालून दिला. ज्या इमारतीवर हे वीतभरही नसलेले नाव लागते, त्याच इमारतीतील सदनिका विकण्यासाठी बांधकाम व्यावसायिक चौकाचौकांत जे फलक उभारतो, त्यांची उंची मात्र दुमजली घराशी स्पर्धा करते. कल्पना ज्याची त्याने मौन पाळावे आणि भांडवल ज्याचे त्याने गजर करावा, अशी ही विषम स्थिती आहे.

या दोन उंचींमधील अंतरात अलीकडे एक नवा पेशा उभा राहिला आहे. आपले काम लोकांपर्यंत कसे पोहोचवावे, योग्य ग्राहक कसा ओळखावा आणि त्याच्याशी बोलणे कसे करावे, याचा सल्ला वास्तुविशारदांना देणारा हा विपणन सल्लागार असतो. तो वास्तुविशारदाच्या कचेरीत बसत नाही. बहुधा त्या शहरातही राहत नाही. सांगलीत राहून पुण्याच्या, नाशिकात राहून बंगळूरच्या आणि रत्नागिरीत राहून लंडनच्या कचेरीचे काम करणे त्याला संगणकामुळे शक्य झाले आहे. वरवर पाहता हा संगणकयुगाने जन्मास घातलेल्या अनेक किरकोळ उद्योगांपैकी एक वाटेल. परंतु व्यवसाय आणि धंदा यांत फरक कोणता, माहिती कोठे संपते व जाहिरात कोठे सुरू होते, आणि नव्याने उभे राहणाऱ्या होतकरू माणसाला बाजारात स्थान मिळावे कसे, हे अर्थशास्त्रातील जुने प्रश्न या पेशाच्या निमित्ताने पुन्हा समोर येतात. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

मौनाचा वारसा

आपल्याकडील वास्तुविशारदांचा आचारधर्म मुख्यतः ब्रिटिश परंपरेतून आला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मूठभर विद्यार्थ्यांनी १९१७ साली आपली संघटना स्थापन केली. तिचेच रूपांतर पुढे १९२९ साली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ या संस्थेत झाले. वकील आणि डॉक्टर यांच्याप्रमाणे वास्तुविशारदही ज्ञान विकत नसून ज्ञानाने सेवा करतो, सबब त्याने दुकानदारासारखी हाळी देऊ नये, ही धारणा या परंपरेच्या मुळाशी होती. संसदेने केलेला वास्तुविशारद अधिनियम १ सप्टेंबर १९७२ पासून अमलात आला, त्यानुसार नोंदणी सुरू झाली, परिषद स्थापन झाली आणि १९८९ च्या विनियमांनी त्या धारणेला नियमांचे रूप दिले.

हे विनियम जाहिरातीस सरसकट मज्जाव करतात आणि मग अपवाद मोजून देतात. कचेरीचा पत्ता बदलल्यास तशी सूचना तीन वेळा प्रसिद्ध करता येते. निविदा मागविण्यासाठी वा कर्मचारी नेमण्यासाठी जाहिरात देता येते. आपल्या कामाची चित्रे व वर्णने वृत्तपत्रांत नावासह येऊ देता येतात. परंतु त्यासाठी पैसे देता येत नाहीत आणि घेताही येत नाहीत. आपल्या अनुभवाची व क्षमतेची माहिती देणारी पुस्तिका काढता येते. मात्र ती नाव व हुद्दा माहीत असलेल्या संभाव्य ग्राहकांनाच द्यावयाची. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती ती ठेवावयाची नाही.

या बंधनामागील हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. ज्याच्या चुकीने छप्पर गळेल किंवा जिना अंधारा राहील, त्याने गिऱ्हाईक ओढण्याच्या नादात भलती आश्वासने देऊ नयेत, हे रास्तच आहे. अडचण वेगळीच आहे. हे मौन ज्याच्यावर लादले, त्याचे प्रतिस्पर्धी मौनी नाहीत. वास्तुकला परिषद आणि मुकेश गोयल यांच्यातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी असा निर्वाळा दिला, की १९७२ चा अधिनियम ‘वास्तुविशारद’ या नामाभिधानाचे रक्षण करतो; वास्तुरचनेचे काम करण्यास इतरांना तो मनाई करीत नाही. तात्पर्य, नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःस वास्तुविशारद म्हणवू नये, पण घराचा आराखडा त्याने काढला तर या कायद्याने त्याचा हात धरता येत नाही. मग ठेकेदार, अंतर्गत सजावट करणारे, ‘नकाशापासून किल्लीपर्यंत’ सारे काही करून देणाऱ्या कंपन्या यांना जाहिरातीचे रान मोकळे, आणि पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून नोंदणी घेतलेल्याच्या तोंडाला मात्र कुलूप, असा हा न्याय झाला. बंधन सर्वांवर असेल तर ती शिस्त होते. एकट्यावरच असेल तर तो दंड ठरतो.

आयुष्यात एकदाच होणारी खरेदी

घर बांधणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाच्या बाजूने पाहिले, तर हे मौन अधिकच खटकते. शिक्षक असो की कारकून, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि बँकेचे कर्ज यांच्या आधारावर तो आयुष्यात बहुधा एकदाच घर बांधतो. भाजी घेताना माणूस चार दुकाने फिरतो आणि उद्या पुन्हा तेथेच जायचे असल्यामुळे आजचा अनुभव त्याला उद्या उपयोगी पडतो. घराच्या बाबतीत अनुभव येतो तेव्हा पैसे खर्च झालेले असतात.

अर्थशास्त्रज्ञांनी या भेदाचा चांगला विचार केलेला आहे. काही वस्तूंचा दर्जा विकत घेण्यापूर्वी पाहून कळतो आणि काहींचा वापरल्यावर कळतो, असे विवेचन फिलिप नेल्सन यांनी १९७० साली केले. काही सेवा अशा असतात, की त्या घेतल्यावरही त्यांचा खरा दर्जा ग्राहकाला पुरता उमगत नाही, हे डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ साली दाखवून दिले. वास्तुविशारदाची सेवा या तिसऱ्या प्रकाराकडे झुकणारी आहे. खिडकी पश्चिमेऐवजी दक्षिणेला काढली असती तर घर किती थंड राहिले असते, हे त्या घरात राहणाऱ्यालाही कळण्यास मार्ग नसतो. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसेल, तर चांगला माल वाईट मालाच्या भावात ओढला जातो आणि शेवटी बाजारातूनच हटतो, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या उदाहरणाने सिद्ध केले. आपल्या गावोगावच्या बांधकामाकडे पाहिले की मोटारींचे उदाहरण घेण्याचीही गरज उरत नाही. ‘चौरस फुटाला किती?’ हा एकच प्रश्न विचारून घर बांधावयास देणारा माणूस मूर्ख नसतो. तुलना करण्यासाठी दुसरे कोणतेच माप त्याच्या हाती कोणी दिलेले नसते.

अशा स्थितीत जुन्या ओळखींवर सारा व्यवहार चालतो. मामांच्या ओळखीचे, साहेबांच्या शेजारचे, सोसायटीच्या अध्यक्षांचे जावई, अशा वाटांनी काम मिळते. ज्याचे वडील याच व्यवसायात होते, ज्याची शहरात ऊठबस आहे, ज्याच्या इमारतींवर मासिके आपण होऊन लेख छापतात, त्याला मौन परवडते. तालुक्याच्या गावातून शिकून आलेल्या, घराण्यातील पहिल्याच पदवीधर मुलाला किंवा मुलीला ते परवडत नाही. जाहिरातबंदी ही दिसावयास सर्वांना समान असली, तरी तिचा भार नवख्यांवर पडतो आणि तिचा लाभ प्रस्थापितांना होतो.

परदेशांतील वळण

इतर देशांत या प्रश्नाने अर्धशतकापूर्वीच वळण घेतले. अमेरिकेत १९७२ साली न्याय खात्याच्या कारवाईनंतर वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेला, दरांची आपसांत स्पर्धा करू नये हा आपला नियम सोडावा लागला. १९९० साली अशाच दुसऱ्या कारवाईला तिला तोंड द्यावे लागले. वकिलांच्या जाहिरातीवर सरसकट बंदी घालणे हे भाषणस्वातंत्र्याशी विसंगत आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली अॅरिझोनातील एका खटल्यात दिला. ब्रिटनमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेचे सक्तीचे किमान दरपत्रक १९८२ साली संपुष्टात आले. जाहिरातबंदीने ग्राहकाचे हित होते या समजुतीलाही धक्का बसला. चष्म्यांच्या जाहिरातीस बंदी असलेल्या अमेरिकी राज्यांत चष्मे अधिक महाग पडतात, असे ली बेनहॅम यांनी १९७२ च्या आपल्या अभ्यासात दाखविले होते.

याच सुमारास वास्तुविशारदांसाठी विपणन हा स्वतंत्र विषय बनला. वेल्ड कॉक्स यांचे वास्तुरचना व अभियांत्रिकी सेवांच्या विपणनावरील पुस्तक १९७१ साली निघाले आणि व्यावसायिक सेवांचे विपणन करणाऱ्यांची अमेरिकेतील संस्था १९७३ साली स्थापन झाली. तेथील मोठ्या कचेऱ्यांत या कामासाठी पगारी माणसे बसू लागली. परंतु चार-पाच माणसांच्या लहान कचेरीला असा पूर्णवेळ माणूस ठेवणे परवडणारे नव्हते. तिची गरज महिन्यातून चार-पाच दिवसांच्या कामाची. आणि एक पंचमांश माणूस नोकरीवर ठेवता येत नाही.

उद्योगसंस्था अस्तित्वातच का येतात, या प्रश्नाला रोनाल्ड कोझ यांनी १९३७ साली दिलेले उत्तर येथे आठवते. बाजारातून प्रत्येक काम करवून घेण्यास शोधाचा, घासाघिशीचा आणि देखरेखीचा खर्च येतो. तो वाचविण्यासाठी माणसे नोकरीवर ठेवली जातात. हा खर्च उतरला, की नोकरी सुटी होऊन पुन्हा बाजारात येते. दृक्‌श्राव्य बैठक, संगणकावरील सामायिक दप्तर आणि परगावी क्षणात पोहोचणारे पैसे यांनी नेमके हेच घडविले. मार्च २०२० मधील देशव्यापी टाळेबंदीने तर समोरासमोर न बसता काम होऊ शकते, याचा धडा नाखुशांनाही सक्तीने दिला. एका माणसाचे पाच भाग करून ते पाच गावांतील पाच कचेऱ्यांना वाटून देणे आता शक्य झाले. दूरस्थ सल्लागाराचा जन्म या हिशेबातून झाला आहे.

काम नेमके कोणते?

विपणन म्हटले की भडक चित्रे आणि चटकदार वाक्ये डोळ्यांपुढे येतात. चांगल्या सल्लागाराचे काम बरेच निरस असते. त्याचा पहिला प्रश्न साधा असतो: गेल्या पाच वर्षांत कामे आली ती कोठून? वास्तुविशारदाला वाटत असते, की आपल्या कलात्मक दृष्टीमुळे लोक येतात. नोंदी काढून पाहिल्या तर कधी असे दिसते, की निम्मी कामे एकाच जुन्या ग्राहकाच्या नात्यागोत्यातून आलेली आहेत, किंवा ज्या रुग्णालयांचा अभिमान मिरवला जातो त्यांची फी थकलेली आहे आणि कचेरीचे भाडे निघते ते सदनिकांच्या सजावटीवर. हा आरसा समोर धरणे हेच सल्ल्याचे अर्धे मोल.

दुसरे काम वर्णनाचे. वास्तुविशारदांच्या महाविद्यालयांत ‘स्पेस’, ‘व्हॉल्यूम’, ‘संवाद’ असल्या शब्दांची एक बोली रुजलेली असते. परीक्षकांना ती कळते, घर बांधणाऱ्याला कळत नाही. कोकणातल्या उतारावरच्या एखाद्या घराचे उदाहरण घ्यावे. ‘निसर्गाशी संवाद साधणारा प्रवाही अवकाश’ असे त्याचे वर्णन केले, तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पडवीत शिरू नये म्हणून छपराची पाखी किती पुढे काढली, पागोळ्यांचे पाणी कोठे नेऊन सोडले, जांभ्याची भिंत बाहेरून तशीच का ठेवली आणि मूळ अंदाजापेक्षा खर्च कोठे वाढला, हे सांगितले तर तो मजकूर माहिती ठरतो. तो वाचून माणूस त्या वास्तुविशारदाकडे जाईल किंवा जाणार नाही. पण दुसऱ्याकडे गेला तरी तेथे चार शहाणे प्रश्न विचारील. माहिती आणि जाहिरात यांतील फरक ओळखण्याची ही साधी कसोटी म्हणता येईल: जो मजकूर वाचून ग्राहक अधिक शहाणा होतो ती माहिती, आणि जो वाचून तो केवळ अधिक अधीर होतो ती जाहिरात.

तिसरे काम व्यवहाराच्या शिस्तीचे. चौकशीच्या दूरध्वनीला किती दिवसांत उत्तर जाते? फी टक्केवारीने की चौरस फुटाने, आणि ती कोणकोणत्या टप्प्यांवर द्यावयाची, हे पहिल्याच भेटीत लेखी सांगितले जाते काय? घरात राहावयास गेलेल्या कुटुंबाला पहिल्या पावसाळ्यानंतर कोणी विचारतो काय, की गळती झाली का? वास्तुशांतीचे जेवण जेवून आल्यावर पुन्हा त्या घराची पायरी न चढणारे अनेक असतात. या साऱ्या गोष्टी ‘विपणन’ या नावाखाली येतात हे ऐकून आश्चर्य वाटेल, परंतु कचेरीचा लौकिक मुख्यतः यांवरच टिकतो.

दूरत्वाची किंमत

अशा सल्लागाराचा दिवस घड्याळाच्या काट्यांनी विचित्र रीतीने कापलेला असतो. सकाळ भारतीय कचेऱ्यांची. हिवाळ्यात लंडनमध्ये सकाळचे १० वाजतात तेव्हा येथे दुपारचे साडेतीन झालेले असतात, आणि न्यूयॉर्कची कचेरी १० वाजता उघडते तेव्हा येथे रात्रीचे साडेआठ. घरात पाने वाढली जात असताना त्याची बैठक सुरू होते. शेजाऱ्यांना हा माणूस दिवसभर घरीच दिसतो. लग्न जुळविताना ‘नोकरी कोठे?’ या प्रश्नाला सुटसुटीत उत्तर नसते. कर्ज मागावयास गेल्यावर बँक पगारपत्रक मागते आणि ते दाखविता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. म्हाताऱ्या आईवडिलांना सोडून मुंबईच्या लोकलगाडीत आयुष्य घालविण्याची सक्ती यात नाही. वास्तुकलेची पदवी घेऊन लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर बांधकामाच्या जागेवरील धावपळ ज्यांना जमेनाशी होते, अशा स्त्रियांना आपले शिक्षण वाया न घालविता मिळवते राहण्याचा हा एक मार्ग आहे. ज्याला आराखडा वाचता येतो आणि चार वाक्ये नीट लिहिता येतात, असा माणूस दुर्मीळ असतो. हे दोन्ही गुण असूनही जिल्ह्याच्या गावी आजवर त्यांना गिऱ्हाईक नव्हते. ते आता मिळू लागले, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या स्वातंत्र्याची किंमत जोखमीच्या रूपाने मोजावी लागते. नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधी असतो, उपदान असते, आजारपणाची रजा असते. स्वतंत्र सल्लागाराला यांपैकी काही नाही. पाच कचेऱ्यांचे काम हाती असल्याने जोखीम पाच ठिकाणी विभागली गेली असे वाटते, पण तो भ्रम आहे, कारण पाचही कचेऱ्या एकाच बांधकाम व्यवसायावर अवलंबून असतात. बांधकाम मंदावले की पाचही ठिकाणांहून एकाच महिन्यात निरोप येतो. वास्तुविशारदाची स्वतःचीच फी टप्प्याटप्प्याने आणि उशिराने येते. ती थकली की तो काटछाट सुरू करतो, आणि सर्वांत आधी कात्री लागते ती समोर न दिसणाऱ्या माणसाला.

शिवाय कालमानाचा एक मूलभूत विसंवाद येथे आहे. लेख वाचून ओळख झालेला माणूस वर्षभराने जमीन घेतो, त्यानंतर आराखडा, परवाना, बांधकाम. दोन-तीन वर्षांनी घर उभे राहते. सल्ल्याचे फळ असे सावकाश पिकते. मासिक मेहनतान्याचा फेरविचार मात्र तीन महिन्यांनी होतो. झाड लावणाऱ्याला पहिल्या पावसाळ्यातच आंबे मागितले, तर तो झाड लावण्याचे सोडून बाजारातून आंबे आणून फांदीला बांधील. पैसे मोजून मिळविलेल्या पसंत्या, विकत घेतलेले पुरस्कार, इमारत उभी राहण्यापूर्वीच संगणकावर काढलेल्या चित्रांची प्रत्यक्ष छायाचित्रांसारखी मांडणी, हे सारे फांदीला बांधलेले आंबे होत.

सत्याची जबाबदारी कोणाची?

येथे या पेशाचा सर्वांत नाजूक भाग येतो. परिषदेचे विनियम वास्तुविशारदाला बांधतात, सल्लागाराला नाही. सल्लागाराने उत्साहाच्या भरात प्रसिद्धीसाठी पैसे मोजले, तर गैरवर्तनाचा ठपका यावयाचा तो वास्तुविशारदावर. उलट कचेरीने खोटी माहिती पुरविली, तर ती चव्हाट्यावर मांडण्याचे काम सल्लागाराच्या हातून होते. १९८९ साली पुस्तिका आणि वृत्तपत्रे डोळ्यांपुढे ठेवून आखलेली रेषा इन्स्टाग्रामच्या जगात धूसर झाली आहे. स्वतःच्या कामाचे छायाचित्र स्वतःच्या पानावर टाकणे ही माहिती म्हणावी, तर तेच छायाचित्र अधिक लोकांना दिसावे म्हणून त्या कंपनीला पैसे भरणे ही काय म्हणावी? नियमाचा आत्मा ध्यानी घेतला तर उत्तर अवघड नाही. परंतु प्रत्यक्षात हे पैसे भरले जातात आणि नियम पाळणारा मागे पडतो.

दूरत्वाने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला आहे. ज्या इमारतीविषयी सल्लागार लिहितो ती त्याने बहुधा पाहिलेलीच नसते. त्याच्यापाशी येतात ती छायाचित्रे कुटुंब राहावयास येण्यापूर्वी काढलेली असतात. त्यांत दोरीवर वाळणारे कपडे नसतात, गॅसचे सिलिंडर नसते आणि भिंतीवर ओलीचा डागही नसतो. तो दाखविले तेवढेच पाहतो आणि पाहिले तेवढेच, थोडे सजवून, लिहितो. ग्राहक व वास्तुविशारद यांच्यातील माहितीची दरी बुजविण्यासाठी आलेला हा माणूस स्वतःच त्या दरीच्या अलीकडच्या काठावर उभा असतो, हा या पेशातील अंतर्विरोध आहे. विवेकी सल्लागार त्यावर उपाय शोधतात. ते घरमालकाशी थेट दूरध्वनीवर बोलतात, जागेवरच्या पर्यवेक्षकाला चार प्रश्न विचारतात, घर वापरात आल्यानंतरची चित्रे मागतात आणि आराखड्यावर रात्री जागलेल्या कनिष्ठ सहकाऱ्यांची नावे मजकुरात असावीत असा आग्रह धरतात. हा वेळ मेहनतान्यात मोजला जात नाही. आणि तो खर्च करणारा सल्लागार न करणाऱ्यापेक्षा साहजिकच महाग पडतो. अॅकरलॉफ यांच्या सिद्धांताला येथे सल्लागारही अपवाद नाहीत. वास्तुविशारदालाही चांगला सल्लागार आणि शब्दांचा कारागीर यांतला फरक करारापूर्वी ओळखता येत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून गुळगुळीत वर्णन यंत्राकडूनही क्षणात मिळू लागले आहे. ज्यांची सारी भिस्त नुसत्या वर्णनावर होती त्यांच्या पोटावर यामुळे पाय येणार, हे उघड आहे. ज्या तारेने लंडनचे काम सांगलीत आणले, तीच तार पुण्याचे काम मनिला किंवा कैरो येथील स्वस्त माणसाकडेही नेऊ शकते. या दुहेरी स्पर्धेत टिकणारी गोष्ट एकच: लिहिलेले खरे आहे याची खातरजमा. यंत्राला घरमालकाच्या आवाजातील संकोच ऐकू येत नाही. ‘घर छान आहे, पण…’ या ‘पण’पुढे काय होते, हे विचारण्याचे काम माणसाचेच राहील.

काय करता येईल?

प्रश्न सल्लागारांच्या चरितार्थापुरता असता तर त्यावर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु त्यात घर बांधणाऱ्या सामान्य माणसाचे आणि नवोदित वास्तुविशारदाचे हित गुंतलेले आहे. म्हणून काही गोष्टी करण्याजोग्या दिसतात. पहिली, परिषदेने जाहिरातबंदीचा रोख प्रसिद्धीवरून असत्याकडे वळवावा. अक्षराची उंची मोजण्यापेक्षा विधानाचा खरेपणा मोजणे अधिक श्रेयस्कर. पूर्ण न झालेल्या इमारतीचे चित्र तसे नमूद केल्यावाचून दाखवू नये, पैसे देऊन मिळविलेली प्रसिद्धी तशी जाहीर करावी, खर्चाचा व मुदतीचा दावा पुराव्यावाचून करू नये, असे मोजके नियम पाळावयास सोपे आणि तपासावयासही सोपे आहेत.

दुसरी, नोंदणीकृत वास्तुविशारदांनी पूर्ण केलेल्या कामांची, ग्राहकाच्या संमतीने, एक सार्वजनिक नोंद परिषदेने ठेवावी: क्षेत्रफळ किती, साहित्य कोणते, अंदाज किती, प्रत्यक्ष खर्च किती. अशी विश्वसनीय नोंद कोल्हापूरच्या शिक्षकाला घरबसल्या पाहता आली, तर ‘चौरस फुटाला किती?’ या प्रश्नापलीकडे तो आपसूकच जाईल, आणि तालुक्याच्या गावातील होतकरू वास्तुविशारदाचे उत्तम काम मुंबईच्या नावाजलेल्या कामाशेजारी त्याच पानावर दिसेल.

तिसरी गोष्ट सल्लागारांच्या स्वतःच्या हातातील आहे. लेखी करारावाचून काम घेऊ नये. मुदत वर्षाची असावी, तीन महिन्यांची नसावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन घातले आहे, आणि सेवा देणारेही त्यात येतात; हा कायदा वापरण्याचा संकोच सोडावा. परदेशी ग्राहकाच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही, तेथे आगाऊ रक्कम हाच आधार. आणि ज्या कचेरीविषयी वर्षभर लिहावयाचे, तिची निदान एक इमारत स्वतः पाहून यावी, त्या प्रवासाचा खर्च करारातच धरावा.

आपल्या समाजाला बोलक्या माणसाविषयी संशय आणि अबोल माणसाविषयी आदर आहे. या वृत्तीने काही खोट्यांना आळा घातला असेल. परंतु कित्येक खऱ्यांना तिने अंधारातही ठेवले आहे. वास्तुविशारदाच्या कामाविषयी कोणीतरी बोलणारच. तो स्वतः बोलला नाही तर बिल्डर बोलेल, ठेकेदार बोलेल, सिमेंटची कंपनी बोलेल. मग ते बोलणे अशा माणसाने करावे, ज्याला घर म्हणजे काय हे कळते, ज्याचा मेहनताना वेळेवर मिळतो आणि म्हणूनच ज्याला खोटे लिहिण्यास नकार देणे परवडते. तो सांगलीत बसतो की सातासमुद्रांपार, हा प्रश्न गौण आहे. त्याला नकार देणे परवडेल अशी व्यवस्था आपण उभी करतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.